उष्टी बासरी

“बंद करा ते आधी. माझी बहीण एकेका श्वासाला महाग झालीय, आणि तुम्ही तिच्या उशाशी बसून वारा उधळताय?”

ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दारात उभ्या राहून ओरडत होत्या. हातात उलथनं, अंगात दोन स्वेटर, त्यावर माझा जुना कोट आणि डोक्याला मफलर. पुण्याहून येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. बाहेर मिशिगनचा जानेवारी होता, आणि ताईंचा आवाज असा की गॅरेजच्या पन्हाळीला लोंबणारे बर्फाचे सुळे सगळेच्या सगळे खाली आले. बरं, सगळे नसतील. एक तरी नक्की पडला, मी नंतर जाऊन बघितला.

मी पलंगाशेजारी जमिनीवर गुडघे दुमडून बसलो होतो. ओठांशी हातभर लांबीचा जाड बांबू. बायको चार उशांना टेकून बसलेली, नाकात प्राणवायूची नळी, डोळे मिटलेले. ताईंच्या ओरडण्यानं तिनं एक डोळा उघडला.

“ताई, भाजी लागतेय,” ती म्हणाली.

ताई स्वयंपाकघराकडे पळाल्या, पण जाता जाता एक टोमणा टाकून गेल्याच. “दाखवा, दाखवा आपला दमसास. तिच्यासमोरच दाखवा.”

हे मात्र लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं, आणि मला खऱ्याची सवय कमी.

मी पहिल्यापासून मोठ्या आवाजाचा माणूस. ट्रॉय गावात आम्ही घर घेतलं तेव्हा मी अंगणात शिंकलो की नदीपलीकडे कॅनडातले लोक ‘गॉड ब्लेस यू’ म्हणायचे. तीस-पस्तीस वर्षं गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन केल्या, आणि त्या बिजागऱ्यांवर इतक्या गोष्टी रचल्या की इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं, अमेरिकेतलं कुठलंही दार माझ्या परवानगीशिवाय उघडत नव्हतं. बायको माझ्या बोलण्याला ‘आकाशवाणी’ म्हणायची. बंद करायचं बटण नाही म्हणून.

मग तिची फुफ्फुसं आखडायला लागली. वाळत चाललेल्या स्पंजासारखी, असं डॉक्टरांनी सांगितलं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. औषधानं वेग कमी होईल, थांबणार नाही. घरात प्राणवायूचं एक मशीन आलं. ते दिवसरात्र कोपऱ्यात घुरघुरायचं, आणि त्यातून निघालेली लांबलचक हिरवी नळी बायकोच्या मागे घरभर फिरायची. नळी न्हाणीघरापर्यंत पुरायची, स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पुरायची. बेसमेंटच्या जिन्याशी संपायची. त्या नळीच्या पलीकडचं सगळं घर माझं एकट्याचं झालं, आणि मला ते नको होतं.

बांबू भेटला तो लायब्ररीत. बाहेर जाताना ती खांद्याला अडकवायचं छोटं मशीन घ्यायची. त्या दिवशी त्याची बॅटरी उतरली, आणि लायब्ररीत एकच प्लग मोकळा सापडला, तो छोट्या सभागृहात. म्हणून आम्ही आत जाऊन बसलो. समोर कोण काय करणार आहे याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. एक म्हातारा जपानी गृहस्थ आला, लवून नमस्कार केला, गुडघ्यांवर बसला, आणि त्यानं एक सूर लावला. एकच. तो सूर आधी नुसता वारा होता, मग वाऱ्यात कोणीतरी जागं झाल्यासारखं वाटलं, मग तो भरला, वाढला, मग हळूहळू परत वारा झाला. त्यानंतर तो माणूस गप्प बसून राहिला. मला वाटलं, विसरला. मग दुसरा सूर.

बायको डोळे मिटून ऐकत होती. अर्ध्या तासानं तिचं मशीन चार्ज झालं तरी उठायला तयार होईना. गाडीत बसल्यावर म्हणाली, “किती लांब श्वास आहे हो त्याचा.”

कोणी साडीचं कौतुक करावं तशा सुरात म्हणाली. आपल्याला ती घ्यायची नाहीये हे ठरलेलं असतं, तसं. मी गाडी सुरू केली आणि आयुष्यात पहिल्यांदा घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. हे तिला विचारलं असतं, तर तिनंही मान्य केलं असतं.

पुढच्याच आठवड्यात मी त्या गृहस्थांच्या बेसमेंटमध्ये हजर झालो. तेही आमच्याच धंद्यातले निघाले. आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या जपानी कंपनीत सीट बेल्ट करायचे. मी माझ्या बिजागऱ्यांची पराक्रमगाथा ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकली, मग माझ्या हातात एक बांबू दिला. या बासरीला शाकुहाची म्हणतात. आपली बासरी आडवी धरतात, ही उभी. पुढे चार भोकं, मागे एक, आणि वरच्या तोंडाला तिरका छेद. त्या छेदाच्या धारेवर श्वास नेमका पडला तर सूर, नाहीतर काही नाही. सगळी भोकं बंद करून लागतो तो सर्वांत खालचा सूर. त्याला ‘रो’ म्हणतात. गुरुजी म्हणाले, घरी जाऊन रोज रो फुंका.

“आणि दुसरं काय?”

“रो.”

मी फुंकलं. शपथ घेऊन सांगतो, चार महिने घरभर खोल्या बदलत बसलो आणि त्या बांबूतून नुसतं फूऽऽ. डोळ्यांपुढे काजवे यायचे. एकदा मी इतकं फुंकलं की भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि आमच्याकडे पाडवा पंधरा दिवस आधी आला. शेजारचा रिटायर्ड गोरा एका सकाळी दार वाजवून म्हणाला, तुमच्या फर्नेसमधून, म्हणजे घर तापवायच्या भट्टीतून, हवा गळतेय, माझ्या ओळखीचा एक चांगला माणूस आहे. बायको आतून हसली, आणि त्या हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला थांबायला बराच वेळ लागला. तेव्हापासून तिला हसवताना मी घाबरायला लागलो. माझ्यासारख्याला याहून वाईट शिक्षा कोणती? आयुष्यभराचा धंदाच बसला.

मंडळातले लोक विचारायचे, काका, आपली बासरी काय वाईट होती? मी सांगायचो, आपल्या बासरीत चूक काढायला प्रत्येक घरात एक मावशी बसलेली असते. हिच्यात मी काहीही फुंकलं तरी आमच्या ओकलंड काउंटीतल्या एकाही मराठी माणसाला बेसूर म्हणता येत नाही. हे कारण खरंच होतं. पण आतलं कारण वेगळं होतं. बोलताना मला कुठूनही कुठेही जाता येतं. श्वास कमी पडला तर हातवारे करता येतात, आठवण कमी पडली तर रचता येतं. त्या बांबूत असलं काही चालत नाही. छातीत जेवढं आहे तेवढंच बाहेर येतं, आणि ते संपलं की संपतं. मग गुरुजी शांत बसायचे, मीही बसायचो. ती शांतताही वाजवण्यातच धरतात. मला आधी ती टोचायची. नंतर नंतर त्या बेसमेंटमधली तेवढीच जागा मला बरी वाटू लागली. तिथे कोणी मला ‘कशा आहेत त्या?’ असं विचारत नव्हतं.

मग एक दिवस गुरुजींकडे रो लागला. लागला आणि टिकला. अंगातल्या हाडांमधून कोणीतरी जड कपाट सरकवत नेल्यासारखं वाटलं. मी धावत घरी आलो, पलंगाशेजारी बसलो आणि फुंकला. बायकोचा व्यायाम चालला होता. श्वास शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, समोर मेणबत्ती आहे असं समजायचं, ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. मी बघितलं तर माझा सूर चालू असताना तिचाही श्वास सुटत होता. माझा संपला, तिचा संपला.

तिथेच माझ्या मनानं घेतलं. म्हटलं, आपला श्वास लांबवायचा. आपला लांबला की तिचा मागून येईल. दोरी ओढली की बादली येते, तसं. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं.

आणि मी गप्प कसा बसणार? मंडळाच्या संक्रांतीला सांगितलं, माझ्या सुरावर हिचा ऑक्सिजन चार आकडे चढतो. आठवड्याभरात त्याचे सहा झाले. फुफ्फुसांच्या डॉक्टरनं माझ्याकडे रेकॉर्डिंग मागितलं, असंही मी एका डॉक्टरांनाच सांगितलं. ते नागपूरचे जुने कार्डिऑलॉजिस्ट, भले माणूस, “व्हेरी इंटरेस्टिंग” म्हणून तिळगूळ खात राहिले. घरी आल्यावर मी बायकोच्या बोटाला आकडा दाखवणारा चिमटा लावायचो आणि फुंकायचो. आकडा कधी चढायचा, कधी नाही. नाही चढला की मी म्हणायचो, बोट थंड आहे.

“फुंकताना निदान बोलत नाही तुम्ही,” ती म्हणायची. “तेवढाच कानाला आराम.”

मदत होते का, हे मी तिला कधी सरळ विचारलं नाही. ताई यायच्या आत विचारायला हवं होतं.

ताईंनी मात्र आल्या दिवसापासून घराचा ताबा घेतला. पहिलं काम म्हणजे भिंतीवरचा थर्मोस्टॅट, घर किती गरम ठेवायचं ते ठरवणारा. आम्ही अडुसष्ट फॅरनहाइटवर ठेवायचो. त्यांनी तो ऐंशीवर नेला. मी खाली आणायचो, त्या वर न्यायच्या. तोंडानं कोणी काही बोलायचं नाही. जमिनीतल्या ज्या जाळ्यांतून गरम हवा येते, त्यांना त्यांनी गच्चीवरचं ऊन समजून टाकलं. हॉलच्या जाळीवर कोहळ्याचे सांडगे, जेवणाच्या खोलीतल्या जाळीवर माझे मोजे, आणि दोन्हींचा एकत्र वास. घरातली हवा इतकी कोरडी झाली की मी ताईंना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी ठिणगी उडायची.

बांबूला हे चालत नाही. त्यामुळे मी शाकुहाची बायकोच्या खोलीत ठेवायचो. तिथे तिच्यासाठी वाफ सोडणारं यंत्र होतं. वाजवून झालं की आतून कापडानं पुसायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि यंत्राशेजारच्या फळीवर ठेवायची. गुरुजींनी दुसरं काही शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

ओरडण्यानंतरचे काही दिवस ताई माझ्याशी थर्मोस्टॅटमार्फतच बोलायच्या. पण मी वाजवायला बसलो की दारात येऊन उभ्या राहायच्या. बहिणीकडे बघायच्या. ती डोळे मिटून पडलेली असायची, कपाळावरची आठी सैल झालेली. एकदा मी सूर संपवून मान वर केली, तर ताई पदरानं डोळे पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, “कांदा चिरत होते.” त्या दिवशी घरात दुधीची भाजी होती.

हॉस्पिटलच्या तपासणीच्या दिवशी रस्त्यावर बर्फ कडक झाला होता, म्हणून ताई घरीच थांबल्या. तिथे बायकोला चालवून बघितलं. मागच्या वेळी चालली होती तेवढं तिला चालता आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली, आणि खुर्ची पुढे ओढली की काय ऐकायला मिळतं ते आम्हाला माहीत झालं होतं. प्राणवायू वाढवायचा होता. येताना मी गाडीत एक गोष्ट सुरू केली, पण तिचा शेवटच मला सापडेना.

घरी ताईंनी चहा टाकला होता. चेहरा उजळलेला. आम्ही टेबलाशी बसलो, पहिला घोट घेतला, आणि आतल्या खोलीत बार उडाला.

बार म्हणजे बार. ताई क्षणात टेबलाखाली. पुण्यात त्यांना सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, अमेरिकेत गोळीबार झाला की आडवं व्हायचं. “खाली या, दोघंही खाली या,” त्या टेबलाखालून म्हणाल्या. बायको कप हातात धरून तशीच बसली होती.

मी आत गेलो. खोलीतल्या जाळीवर पांढरा टॉवेल अंथरलेला होता. त्यावर माझी शाकुहाची, तोंडापासून पहिल्या भोकापर्यंत उभी तडकलेली. फट एवढी की तिच्यातून टॉवेल दिसत होता. सगळ्या खोलीत लिंबाचा वास.

ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. मफलर कपाळावर आलेला.

“मी धुतली हो फक्त,” त्या म्हणाल्या. “रोज तोंडाला लावता, आतून थुंकी गळते, मी बघितलीय. उष्टं भांडं कोणी आजारी माणसाच्या उशाशी ठेवतं का? म्हटलं, मी इतकं बोलले भावोजींना, निदान त्यांची वस्तू स्वच्छ करून ठेवावी. गरम पाण्यात भिजवली, लिंबू लावलं, थोडा साबण. ओली होती म्हणून वाळत घातली.”

मी ती टॉवेलसकट उचलली. गंमत सुचत नव्हती, राग येत नव्हता. माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं, वर चिंचही लावली असती.

“गेली का?” बायकोनं हॉलमधून विचारलं.

“गेली,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे घेऊन गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, फट बोटानं चाचपली, मग नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं.

“लेमन?”

“माझ्या मेव्हणीचं प्रेम आहे,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत. म्हणाले, बांबू आधी मुरू द्यायला हवा, मग फट भरून त्यावर दोरा गुंडाळायचा. बरेच आठवडे लागतील. पूर्वीसारखी वाजेल असं त्यांनी म्हटलं नाही. मी दुसरी मागितली तर म्हणाले, थांबा.

ते आठवडे मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. प्राणवायू वाढवल्यावर मशीनची घुरघुर वाढली आणि बाकी घर गप्प झालं. ताईंनी आपणहून थर्मोस्टॅट अडुसष्टवर आणला आणि तिसरा स्वेटर घातला. सांडगे उचलले. मला मात्र हातांचं काय करावं ते कळेना. मी बेसमेंटमध्ये जाऊन जुनी खोकी लावायचो, गॅरेजमध्ये जाऊन लावलेली खोकी परत काढायचो. मधेच वर यायचो, तिच्या बोटाला चिमटा लावायचो. आकडे उतरत होते. मी म्हणायचो, बघ, बांबू बंद पडला आणि आकडे उतरले. डॉक्टरीणबाईंनी तो उतार आधीच सांगितलेला होता, हे मी सोयीनं बाजूला ठेवलं. मला ते माझ्या फुंकण्याशी बांधायचं होतं. तसं असतं तर दोरा गुंडाळून झाल्यावर आकडे परत चढवता आले असते.

वरून अधूनमधून तिची हाक यायची. “अहो.” मी जिन्याच्या तोंडाशी येऊन “काय हवंय?” विचारायचो. “काही नाही,” ती म्हणायची. मी परत खाली जायचो.

ताई परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं बायकोच्या खोलीत बसलो होतो. ताई बॅग भरत होत्या, म्हणजे भरलेली परत काढून परत भरत होत्या. बाहेर बर्फ काळपट पडलेला. गुरुजींचा सकाळीच फोन आला होता की बासरी पुढच्या आठवड्यात न्या. मी तेच धरून बसलो होतो.

“बघाच ताई तुम्ही,” मी म्हणालो. “पुढच्या आठवड्यात ती आली की पंधरा दिवसांत हिला चालवत रस्त्याकडेच्या मेलबॉक्सपर्यंत नेतो. नळीशिवाय.”

ताईंनी हातातली साडी मांडीवर ठेवली आणि बहिणीकडे वळल्या.

“मला एक खरं सांग गं,” त्या म्हणाल्या. “हे म्हणतात ते राहू दे. तुला स्वतःला मदत व्हायची का त्या फुंकण्याची? श्वासाला? माझ्या जिवाला घोर लागलाय. माझ्या हातून काय गेलं ते मला कळू दे, मग मी विमानात बसते.”

मी मान खाली घातली. इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते ताईंनी एका वाक्यात विचारलं होतं. मला वाटलं, माझ्याकडे बघून ती हो म्हणेल. माझ्यासाठी एवढं तरी वाढवून सांगेल. मशीन घुरघुरत होतं. तिनं ओठांचा चंबू केला, श्वास हळूहळू सोडला, परत घेतला, आणि मग बोलली.

“श्वासाला कसली मदत. हे कुठल्या खोलीत आहेत तेवढं कळायचं.”